अण्णाची मोटर आणि तारा अक्काची अट

करवतीखालचा भुसा कुणी मुद्दाम साठवत नाही. सकाळी झाडून टाकलेला असतो, संध्याकाळी बघावं तर गुडघ्याला लागतो. रघू अण्णाच्या मशीनचे किस्से तसेच साचले. आम्ही आपले लाकूड कापत होतो. खरं सांगायचं तर बराच काळ कापतपण नव्हतो, आणि जास्ती किस्से त्याच काळातले.

आधी मशीन कसं होतं ते सांगतो. लोक लाकूड वखारीत नेतात. अण्णाने उलटं केलं, वखारच लाकडाकडे नेली. लोखंडी सांगाडा, खाली ट्रेलरची चाकं, वर पट्ट्यासारखं फिरणारं करवतीचं पातं, आणि ते फिरवायला एक मोटर. कुणाचा तरी ट्रॅक्टर धरायचा, मशीन मागे बांधायचं, गावात जायचं. तिथे शेतकऱ्याच्या विहिरीवर पंप असतोच. त्याच्या बोर्डावरून करंट घ्यायचा आणि झाड पडलंय तिथेच फळ्या पाडायच्या. अण्णा मालक, मी ओंडके ढकलणारा. कामगारांची संघटना काढायची म्हटली तर मी एकटाच अध्यक्ष झालो असतो.

त्या वर्षांत सगळ्यांना काहीतरी नवीन सुरू करायचं होतं. तंजावरात आमच्या राजवाड्याच्या गल्लीत एकाने एसटीडी बूथ टाकला, एकाने केबल टीव्ही आणला. अण्णा तेव्हा सूतगिरणीच्या ऑफिसात टेबलावर होता. गिरणीवाले म्हणाले, ज्यांना आपण होऊन घरी जायचंय त्यांनी जावं. बाकीचे विचार करत बसले. अण्णाने हातातली कापी, म्हणजे कॉफी, संपवली, घरी आला आणि मिळालेल्या पैशांत हे मशीन उभं केलं.

घरी तारा अक्का. अण्णाची बायको. तिने मशीनभोवती एक फेरी मारली आणि अट घातली.

"पोंगलपर्यंत बघते. तोवर आसारीचा फणस नीट कापून झाला तर हे राहील. नाही झाला तर विकायचं, आणि तुळजाच्या दुकानात गप बसायचं."

तुळजा म्हणजे तुळजाराव, अक्काचा भाऊ. त्याचं कापडाचं दुकान. अण्णाला गल्ल्यावर बसवायची त्याची फार इच्छा. अण्णासाठी त्याने वेगळी गादी करून घेतली होती, तिला खोळपण शिवली होती. आणि आसारी म्हणजे षण्मुगम आसारी, फणसाच्या लाकडाच्या वीणा करणारा. नदीपलीकडच्या गावात त्याने कोविलाजवळचा, म्हणजे देवळाजवळचा, एक जुना फणस घेऊन ठेवला होता. त्याला काम पसंत पडलं तर त्याच्या गल्लीतले सगळे वीणावाले अण्णाकडेच लाकूड देणार.

अण्णा म्हणाला, "सरी." म्हणजे, ठीक. घाबरायचं कारणच नव्हतं. मशीन चालत होतं, पोंगलला वेळ होता, आणि मध्ये फक्त एक आयुधपूजा होती.

०

आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे हत्यारं धुतात, गंध लावतात, हार घालतात आणि त्या दिवशी हात लावत नाहीत. न्हावी वस्तरा मांडतो, ड्रायव्हर बस सजवतो. अण्णाचं पहिलंच वर्ष. ऑफिसात असताना टाइपरायटरला नुसता कुंकवाचा ठिपका मिळायचा. इथे अख्खं मशीन हाताशी होतं.

फणस पडला होता तिथे गोविंदसामी नावाच्या शेतकऱ्याचं शेत. मशीन त्याच्या विहिरीजवळ उभं. अण्णाने पात्याला चंदन लावलं, चाकांना लावलं, मग मोटरीकडे वळला. मोटरीच्या मागे जाळी असते, तिच्यातून ती हवा आत ओढते. अण्णाला ती उघडी भोकं बरी दिसली नाहीत. देवाचं काम आहे, असं उघडं कसं ठेवायचं? त्याने एकेका भोकात चंदनाचा गोळा दाबला आणि वरून कुंकवाचं बोट.

मी म्हटलं, "अण्णा, हिला श्वास घ्यायचा असतो."

अण्णा म्हणाला, "आज उपास."

दुसऱ्या दिवशी कोहळा फोडला, कापूर लावला, बटण दाबलं. उपास कुणी सोडवलाच नव्हता. मोटर थोडा वेळ फिरली, मग हुंकार दिला, मग धूर. पण काय धूर! असला वास बाजारातल्या कुठल्याच उदबत्तीला नाही. बांधावरून एक पाटी, म्हणजे म्हातारी आजी, चालली होती. ती थांबली, दोन्ही हात धुरावर धरले, डोळ्यांना लावले आणि पुढे गेली.

गोविंदसामी लांबून म्हणाला, "इतकं चांगलं चंदन हल्ली मिळत नाही."

०

जळलेली मोटर शहरात आणायची होती आणि अक्काला कळू द्यायचं नव्हतं. अण्णाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. म्हणून ते खातं माझ्याकडे.

मोटर चादरीत गुंडाळली आणि सायकल रिक्षात बसवली. शेजारी मी, तिच्या गळ्यात हात टाकून, म्हणजे वळणावर पडू नये. अण्णा मागून चालत. बाजाराच्या कोपऱ्यावर समोरून अक्का. हातात पिशवी, पिशवीत शेवग्याच्या शेंगा.

"काय गा बाळू, शेजारी कोण?"

"फणस, अक्का."

"एवढा?"

"पन्रुटीचा आहे. तिकडे असेच होतात."

अक्काने चादरीला नाक लावलं. "चंदनाचा वास येतोय."

"कोविलात ठेवला होता."

"आणि आता फणसाचा हंगाम कुठे आहे?"

"म्हणून तर झाकून नेतोय. लोकांनी बघितला तर मागतील."

मी अण्णाकडे वळून बघितलं नाही. कानांचं काय झालं असेल ते ठाऊक होतं.  अक्काने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"सरी. आठळ्या तेवढ्या मला आणून दे. सांबारात टाकते."

फणस नसलेल्या महिन्यात आठळ्या शोधत अण्णा किती गावं हिंडला ते त्यालाच माहीत. पण आणल्या.

०

मोटरची कॉईल भरणाऱ्याचं नाव दुरैराज. दुकान बसस्टँडला चिकटून. हात सोन्याचा, माणूस देवासारखा. एकच अडचण, कुणी काही विचारलं तर उत्तर न देणं त्याला पाप वाटायचं.

कॉईल भरताना तांब्याच्या तारेचे वेढे मोजावे लागतात. दुरैराज तोंडाने मोजायचा. आणि त्याच्या दुकानापुढून अख्खा जिल्हा बस पकडायला जायचा.

तो मोजतोय, "अकरा, बारा, तेरा..."

एक बाई, मुलं-बिलं घेऊन. "अय्या, मन्नारगुडी बस किती वाजता?"

"नऊ वीसला, अम्मा. एकवीस, बावीस, तेवीस..."

मी बाकड्यावर बसून बघत होतो. मला वाटलं ही त्याची पद्धत असेल. मग एक म्हातारा कुंभकोणमची विचारून गेला आणि वेढे पुन्हा मागे गेले. अण्णा हळूच म्हणाला, "दुरै, गडबड होत नाही ना?" दुरैराज म्हणाला, "इतकी वर्षं करतोय सार, आकडे डोक्यात बसलेत." बसलेच होते. पण बसचे.

मोटर तयार झाली. वार्निश मारून चकचकीत. गावात नेऊन लावली तर गुरगुरायला लागली. करवत लाकडाला टेकायच्या आत अंग तापलं, आणि परत धूर. ह्या वेळी चंदन नव्हतं, त्यामुळे कुणी पाया पडलं नाही.

दुरैराजला बोलावलं. त्याने मोटरीला कान लावला, पोट दाबल्यासारखं दाबलं. म्हणाला, "मोटर चांगली आहे सार. तुमच्या गावचा करंट वाईट आहे."

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाळू, आता काय?"

मी म्हटलं, "नऊ वीसला सुटेल. वाट बघू."

  पाऊस जाऊन थंडी आली होती, पोंगल दिसायला लागला होता. आणि तुळजाराव गल्लीत भेटला की विचारायचा, "भाऊजी, बसायला उशी उजवीकडे लागते का डावीकडे?"

०

शेवटी नवीन मोटर घ्यायची ठरली. त्रिची रोडला नवीन शोरूम उघडलं होतं. पूर्वी मोटर हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या पोत्यामागे असायची, तिच्यावर मांजर झोपलेलं असायचं. इथे काचेत ठेवलेल्या, वर लाइट. टाय लावलेला एक पोरसवदा सेल्समन. त्याने आम्हाला आधी खुर्ची दिली, मग गार पाणी, मग रंगीत पुस्तक. लग्नाला स्थळ बघायला आल्यासारखं वाटलं.

आम्ही दोघं मोटर उचलायच्या तयारीने गेलो होतो. कंबर बांधून. तो पोरगा गेला आणि एकटाच घेऊन आला.

अण्णाने हातात घेतली, वरखाली केली. बाजारात सुरण घेतात तशी. "ही हलकी आहे."

"सर, ॲल्युमिनियम बॉडी."

"आत सगळं आहे ना?"

"सर, नवीन टेक्नॉलॉजी."

मी विचारलं, "ती लावल्यावर वजन येतं का, का ती वेगळी घ्यावी लागते?"

 पोरग्याने पुस्तकाचं पान उलटून बघितलं. असावं कुठेतरी असं त्याला वाटलं असणार.

मोटरीबरोबर स्टार्टर आला आणि वॉरंटी आली. वॉरंटी आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मोटरीच्या वायरींच्या डबीवर एक चांदीसारखा कागद चिकटवलेला, स्टार्टरवर तसाच दुसरा. फाटला तर कंपनी जबाबदार नाही. अण्णाने त्या कागदांना नमस्कार केला. मी लगेच म्हटलं, "गंध नको."

ती हलकी पोरगी जुन्या मशीनवर बसेना. बोल्टची भोकं जुळेनात, दांडा बारीक, पुली सैल. लेथवाल्याकडून दांड्यावर चढवायला बुशी, म्हणजे लोखंडी कडं, करून घेतली, खाली नवीन पट्टी वेल्ड केली. तुळजारावला कळलं नाही. अक्काला कळलं का, ते तेव्हा कळलं नाही.

०

बटण दाबलं आणि करवत उलटी फिरली.

तीन वायरींतल्या दोन एकमेकींच्या जागी लावल्या की मोटर सुलटी फिरते. हे लाइनमनच्या गाढवालाही माहीत. पण वायरी डबीत, आणि डबीवर चांदीचा कागद. जुना चपटा पट्टा असता तर त्याला पीळ देऊन काम झालं असतं, ह्याला व्ही-बेल्ट, तो पीळ घेत नाही. अण्णा त्या कागदासमोर उकिडवा बसला.

"फाडायचा नाही," म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा एक कंपनी माझ्या बाजूने जबाबदार आहे."

मग आम्ही वायरी तिथे न बदलता गोविंदसामीच्या बोर्डावर बदलल्या. फ्यूज काढून, नीट. करवत सुलटी. अण्णा खूश.

दुपारी गोविंदसामी धावत आला. पंप चालतोय, आवाज येतोय, पाणी येत नाही. त्याच बोर्डावर त्याचा पंप. आमची करवत सुलटी झाली तेव्हा त्याचा पंप उलटा झाला.

अण्णाचे कान लाल व्हायला लागले, म्हणून मी पुढे झालो. पण गोविंदसामीचं उत्तर त्याच्याजवळच होतं.

"तुमच्या करवतीच्या आवाजाने विहीर घाबरली."

अण्णा म्हणाला, "असेल."

"किती दिवस घाबरेल?"

"फणस होईपर्यंत."

गोविंदसामीने विचार केला. मग म्हणाला, "दिवसा घाबरू दे. रात्री मला भाताला पाणी पाहिजे."

तेव्हापासून आम्ही दिवसा तिथे बारीकसारीक लाकूड कापून हात बसवायचो आणि संध्याकाळी निघताना वायरी जागच्या जागी लावायचो. आम्ही रस्त्याला लागलो की पाठीमागे पाण्याचा आवाज यायचा. आणि गोविंदसामी विहिरीच्या काठावर उभा राहून तिला हळू आवाजात सांगत असायचा, "गेले, गेले."

०

फणस कापायला आसारीने ठरवलेला दिवस भोगीचा. दुसऱ्या दिवशी पोंगल. मोटरीला लागणारा थ्री फेज करंट त्या दिवशी दुपारपर्यंतच मिळणार होता. आसारी आला, कमरेला पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती. पाठोपाठ तुळजाराव स्कूटरवर, मागे अक्का. तुळजारावने खिशाला एक जादाचं पेन लावलं होतं. भाऊजींना उद्यापासून लागेल म्हणून.

ओंडका मशीनवर चढवला. अण्णाने मोटर चालू केली. पातं सुलटं, आवाज मोकळा. अण्णाने ओंडक्याला हात लावला आणि आसारीने हात वर केला.

"नको."

"काय झालं?"

"हे झाड कोविलाजवळ वाढलं. रोज घंटा ऐकत वाढलं. उद्या ह्याची वीणा होणार. पहिला काप पडताना ह्याच्या कानावर अपस्वर पडता कामा नये. तुमची मोटर श्रुतीला नाही."

आम्ही हसलो नाही. आसारी हसायचा माणूस नव्हे. अण्णाने बेल्ट थोडा ताणला. आसारी कान देऊन म्हणाला, "वर गेली." सैल केला. "आता खाली. अजून अपस्वर." अण्णा पान्हा घेऊन बेल्टाशी, आसारी डोळे मिटून. मी आजवर सुतारांचा, लोहारांचा, लाइनमनचा ओरडा खाल्लाय. मोटर बेसूर म्हणून पहिल्यांदाच.

वेळ चालला होता. तुळजाराव घड्याळ बघत म्हणाला, "आसारी, तुमचं म्हणणं बरोबर आहे. लोखंडाला कुठली श्रुती? भाऊजी, जाऊ दे आता. गादी तयार आहे."

अण्णाने पान्हा खाली ठेवला. त्याला घाम आला होता, थंडीत. मोटर चालूच होती. बंद करायला त्याचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," अक्का म्हणाली.

ती येऊन ओंडक्याच्या बाजूला भुशावर मांडी घालून बसली. पदर खोचला. अक्का घरी गल्लीतल्या पोरींना गाणं शिकवते, तिथे बसते तशीच. डोळे मिटून मोटरीचा आवाज ऐकला. मग तोंड न उघडता त्याच आवाजात आवाज लावला. आधी कळेचना अक्का कुठली आणि मोटर कुठली. मग तिने तोच सा धरून गायला सुरुवात केली. लहान पोरींना शिकवतात तसलं साधंच, देवीचं. मोटर मागे तंबोऱ्यासारखी.

आसारीचा वर केलेला हात हळूहळू खाली आला. मांडीवर आला. ताल धरायला लागला.

"वेट्टु," तो म्हणाला. म्हणजे, काप.

अण्णाने ओंडका पुढे ढकलला. मी मागून जोर दिला. करवत लाकडात शिरते तेव्हा मोटरीवर भार पडतो आणि आवाज थोडा उतरतो. किती उतरतो ते मशीनवर रोज उभं राहणाऱ्याला माहीत, म्हणजे अण्णाला आणि मला. पातं साल फोडून आत गेलं, मोटर उतरली. अक्का तिच्याआधी क्षणभर उतरली होती, कधी येऊन ऐकून गेली होती कोण जाणे, आणि तिथे मोटरीची वाट बघत होती.

पिवळाधमक भुसा उडायला लागला. तुळजारावच्या वेष्टीवर, खिशातल्या दोन्ही पेनांवर. त्याने हाताने भुसा बाजूला करत मोठ्याने विचारलं, "तारा, अगं, तू हे बंद करायला आली होतीस ना?"

अक्काने डोळे उघडले नाहीत. एक हात वर केला, क्लासातल्या पोरी मध्येच बोलल्या की करते तसा, आणि चरण घेतलं.